एक्झिफमध्ये ७०-२१०

"दादा, मंगलाष्टकांच्या फोटोंना लेन्स ७०-२१० दाखवतंय. आपल्या कोटेशनमध्ये ७०-२०० टू पॉइंट एट होती ना?"

गेल्या आठवड्यात अल्बम आणि पेनड्राइव्ह पोचवला, त्याच रात्री नवरीच्या भावाचा हा फोन. पोरगा पुण्यात नोकरीला, स्वतःचा कॅमेरा आहे, त्यामुळे एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेली कॅमेऱ्याची आणि लेन्सची माहिती, बघायची सवय. आवाज चढवला नाही, एकदाही उलटं बोलला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

खरं आहे ते. कोटेशनमध्ये मीच लिहिलेलं, दोन फुल फ्रेम बॉडी, २४-७० टू पॉइंट एट, ७०-२०० टू पॉइंट एट, ड्रोन, करिझ्मा अल्बम चाळीस पानी. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ७०-२०० म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, आणि टू पॉइंट एट म्हणजे तिचं छिद्र मोठं उघडतं, कमी उजेडातही निभावते. हल्ली असं लिहावंच लागतं, कारण लोक जुने अल्बम बघायच्या आधी "कॅमेरा कुठला" विचारतात आणि शेजारच्या गावातला फोटोग्राफर चार लेन्सची नावं जास्त लिहून पाच हजार कमी सांगतो. मला हे कधीच पटलं नाही, पण मीही लिहीत आलो.

तर मे महिना, कऱ्हाडजवळचं मोठं कार्यालय, मुहूर्त १२ वाजून ३२ मिनिटांचा. साधारण बारा दहाला स्टेजच्या पायऱ्या उतरत होतो. दोन्ही खांद्यांवरून पट्टे असलेला हार्नेस घालतो मी, एका बाजूला एक बॉडी आणि दुसऱ्या बाजूला ७०-२०० लावलेली बॉडी, तिचं सगळं वजन लेन्सच्या कॉलरला, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याला, लावलेल्या एका बोल्टवर. तो बोल्ट रोज सकाळी आवळायचा असतो. आदल्या दिवशी हळदीला आवळला होता, लग्नाच्या दिवशी सकाळी राहिला. पायरीवर ठण्ण आवाज आला आणि खाली बघतो तर लेन्सचं माउंट, म्हणजे बॉडीत अडकणारी तिची मागची कडी, बॉडीलाच चिकटून राहिलेलं, चारही स्क्रू उपटलेले, आणि बाकीची लेन्स आतल्या रिबन केबलला लोंबकळतेय. माउंट काढून बघितलं, बॉडी चालू होती. निकॉनची डी ७५० दणकट आहे, तिचे उपकार आहेत माझ्यावर.

असिस्टंट २४-७० घेऊन स्टेजवर, त्याला तिथून हलवून चालणार नव्हतं. मी खालून तिसऱ्या रांगेतून स्टुलावर उभा राहून चेहरे काढणार असं ठरलेलं, स्टेजपासून तीसेक फूट. स्टेजवर उभं राहायला जागाच नसते आजकाल. सिनेमॅटिक व्हिडिओवाले दोन, त्यांचा कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल, एक क्रेन, आणि दोन्हीकडचे मोबाईलवाले काका-मामा. त्यात फ्लॅश मारला की व्हिडिओत अर्ध्या फ्रेमवर पांढरा पट्टा येतो म्हणून सिनेमॅटिकवाले तिथल्या तिथे ओरडतात. त्यांचंही चूक नाही, पण भांडण करून लग्न लागत नाही, म्हणून मंगलाष्टकं मी बिनफ्लॅशची काढतो.

बॅगेच्या तळाला ती जुनी लेन्स होती. निकॉनची एएफ ७०-२१०, एफ ४ ते ५.६, डी. १९९३ च्या आसपास आलेलं मॉडेल. रिंग फिरवून झूम होत नाही, रबराची अख्खी नळी हाताने पुढंमागं ओढायची, पंपासारखी. कऱ्हाडातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा साडेचार हजाराला घेतली होती, खरं तर त्यांना चार पैसे मिळावेत म्हणून घेतली. दोन वर्षं बॅगेत होती, बॅकअप म्हणून. दोन वर्षांत एकदाही लग्नात लावली नव्हती.

ह्या लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीच्या माउंटमधून स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखा एक दांडा बाहेर येतो, तो लेन्सच्या खाचेत बसतो आणि बॉडीतली मोटर त्याने लेन्स फिरवते. डी ७५० ला, डी ७२०० ला तो दांडा आहे, स्वस्तातल्या ३००० आणि ५००० सिरीजला नाही, नवीन मिररलेसच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. तिथे ह्या लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. म्हणून तर त्या आता मातीमोल भावात मिळतात. काचेत दोष आहे म्हणून नव्हे.

लावली, स्टुलावर चढलो, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं, बटण दाबलं आणि काहीच होईना. वरच्या डिस्प्लेवर नुसतं एफ ई ई. घाम फुटला. मग काकांचं वाक्य आठवलं, लेन्स हातात देताना म्हणाले होते, "बाळा, रिंग बत्तीसवर ठेव, कुलूप लाव आन इसरून जा." जुन्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग असते, ती सगळ्यात लहान छिद्रावर, म्हणजे केशरी रंगात लिहिलेल्या ३२ वर नसली की डिजिटल बॉडी फोटोच घेत नाही. शेजारी एक बारीक खटका असतो, तो सरकवला की रिंग हलत नाही. मी खटका कधी लावलाच नव्हता, बॅगेत घासून रिंग ११ वर गेलेली. बत्तीसवर आणली, खटका लावला, शटर वाजलं. ह्यात दोन मंगलाष्टकं गेली.

मग उजेड. टू पॉइंट एटला त्या स्टेजवर शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६०० बसत होतं. ही लेन्स २१० ला ५.६ च्या पुढं उघडत नाही, म्हणजे दोन स्टॉप गेले, उजेड चौथाई झाला, आयएसओ थेट ६४००. शटरचा वेग उतरवायची सोय नाही, कारण हात हलला तर सावरायला ह्या लेन्समध्ये व्हीआर, म्हणजे हादरा सावरणारी यंत्रणा, नाही. डी ७५० ला ६४०० चालतं, दाणे येतात पण कातडीचा रंग मरत नाही.

खरी परीक्षा फोकसची. खालून बघताना नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांकडं तोंड करून, आणि अंतरपाट मधोमध, आपल्याला त्याची कडाच दिसते. फोकसचा पॉइंट मधला ठेवला, कारण ५.६ च्या लेन्सला कमी उजेडात मधलाच भरवशाचा. तो अंतरपाटाच्या कडेवर छान बसतो. पण अंतरपाट काढला की त्याच जागी काय असतं, तर मागची फुलांची भिंत! लेन्स लगेच मागं पळते. आणि प्रत्येक "सावधान"ला आपल्या मागून आठशे माणसं अक्षता टाकतात, हल्ली टाकत नाहीत, मुठीने मारतात. ते तांदूळ कॅमेऱ्याच्या तोंडासमोरून जातात आणि ऑटोफोकस त्यांना पकडायला धावतो. मोटरवाली नवी लेन्स गेली तरी क्षणात परत येते, ही घर्र करत जवळच्या टोकाला जाते, तिथून अनंतापर्यंत, मग कुठं परत. दीड-दोन सेकंद. शेजारच्या आजी वळून बघायला लागल्या आवाजाने.

दोनदा असं झाल्यावर अंतरपाटावर फोकस घेतला आणि बॉडीवरचा खटका मॅन्युअलवर टाकला. आता फोकस जागचा हलणार नाही, मीही हलायचं नाही. तीस फुटांवर २१० ला ५.६ म्हणजे पुढंमागं मिळून दोनेक फूट शार्प मिळतं, टू पॉइंट एटला त्याच्या निम्मं. दोघांचे चेहरे त्या दोन फुटांत येतील असा हिशोब. भटजींनी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" धरलं. आमच्या धंद्यात ह्या ओळीला सगळे श्वास धरतात, कारण ती संपली की अंतरपाट जाणार आणि वाजंत्री सुरू होणार. अंतरपाट गेला. अकरा फ्रेम मारल्या.

त्या अकरापैकी एक अजून मोबाईलमध्ये ठेवलीय. नवरीच्या मुंडावळ्या हललेल्या, एक अक्षता तिच्या पापणीवर अडकलेली, ती डोळा मिटायच्या बेतात, आणि नवरा हार वर धरून थांबलाय की ती डोळा उघडू दे. मागच्या लाइटमुळं मुंडावळ्यांच्या प्रत्येक मोत्याला जांभळी कड आली होती, जुन्या काचेची खोड आहे ती, सॉफ्टवेअरमध्ये काढली. सगळ्या फोटोवर एक फिकट धुकं होतं, तेही थोडं काढलं आणि थोडं मुद्दाम ठेवलं. मोबाईलवर तो फोटो बघून नवरीची आई रडली होती.

पण अल्बम १२ बाय ३६ चा. सहा हजार पिक्सलचा फोटो छत्तीस इंचावर ताणला की सगळं उघडं पडतं. नवऱ्याचा चेहरा चांगला आहे, नवरीचा अगदी किंचित मऊ आहे आणि पुढं धरलेल्या हाराची फुलं तिच्या डोळ्यांपेक्षा शार्प आहेत. मी तो डबल पानावर लावला. फ्रेमचा जीव मोठा होता म्हणून लावला, आजही लावेन.

भावाचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं, बोल्टपासून. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "फोटो चांगले आहेत दादा, माझा प्रश्न फोटोंचा नाही. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळी सांगितलं असतं तर आम्ही एक शब्द बोललो नसतो. दोन महिने तुम्ही गप्प का बसलात?" दहा हजार बाकी होते, ते वडिलांशी बोलून कळवतो म्हणाला.

मी उत्तर दिलं की लग्नाच्या दिवशी कुणाला काय सांगायचं, लोक पाठवणीच्या गडबडीत असतात. ते बरोबरच आहे, नवरीच्या बापाला त्या दिवशी लेन्स तुटली हे सांगणारा फोटोग्राफर मला आवडणार नाही. पण दुसऱ्या दिवशी? आठवड्याने, फोटो सिलेक्शनला सगळं घर माझ्या ऑफिसात तीन तास बसलं होतं तेव्हा? तेव्हा मी चहा मागवला आणि गप्प बसलो, कारण फोटो आवडत होते. त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही.

फोन ठेवल्यावर रात्रीच लेन्स लावून बसलो. भिंतीला वर्तमानपत्र, जमिनीवर मोजपट्टी तिरकी, कॅमेरा ट्रायपॉडवर. अंतरपाटावर फोकस घेतला तो ऑटोनेच होता, मॅन्युअलवर नंतर टाकला, तेव्हा तो नेमका कुठं बसला हे बघायचं होतं. दर वेळी फोकस जिथं धरला त्याच्या थोडा अलीकडं पडत होता. माझ्या अंगातून वारं गेलं. बॉडीत एएफ फाइन ट्यून म्हणून ऑटोफोकस किंचित पुढंमागं सरकवायची सोय असते, उणे वीस ते अधिक वीस, लेन्स एकदा मोजून आकडा भरला की बॉडी त्या लेन्ससाठी लक्षात ठेवते. अधिक ७ ला काटा जुळला. अर्ध्या तासाचं काम. माझ्या २४-७० ला आणि ७०-२०० ला घेतल्या घेतल्या केलं होतं, ह्या साडेचार हजाराच्या लेन्सला करायचं मनातसुद्धा आलं नाही. आता तीच लेन्स, तेच ५.६, वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात अक्षर न् अक्षर वाचता येते. त्या दिवशी अधिक ७ भरलेलं असतं तर हाराऐवजी पापणीवरची अक्षता शार्प आली असती.

म्हणजे भावाने विचारलं ते लेन्सबद्दल, आणि लेन्सची काहीच चूक नव्हती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

काल साडेदहाला जीपेवर दहा हजार आले. मेसेज काही नाही. आमची मंडळी म्हणतात, पैसे कामाचे आहेत, परत करून त्यांच्याही मनात शंका कशाला घालतोस. काकांकडं गेलो, त्यांना तो फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि पहिलं विचारलं, "रिंग बत्तीसवर होती का?" मग सगळं ऐकल्यावर म्हणाले, "ते पान परत छाप. हार मऊ करायचा, तिचा डोळा जमंल तेवढा उचलायचा. नवं पान तुझ्या पैशानं द्यायचं आन देताना समदं सांगायचं, फाइन ट्यून का काय ते पन."

चातुर्मास लागलाय, तुळशीच्या लग्नापर्यंत एखादी काढीव मुहूर्ताची ऑर्डर सोडली तर हातात वेळच वेळ आहे. फाइल काल रात्री उघडून ठेवलीय. हार मऊ करून झाला. डोळ्यापाशी थांबलोय, जास्त उचलला की ती तिच्यासारखी दिसत नाही.