सौंदत्ती–मुनवळ्ळी–लोकापूर: प्राणवायू नसलेल्या समुद्राच्या मागावर

बेळगावातून यरगट्टीकडे निघालं की सुरुवातीला पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा असतो. पूर्वेकडे सरकत गेलं की तो संपतो आणि त्याच्या खालचे फार जुने थर डोकं वर काढतात. हे कलादगीचे खडक, बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून नाव पडलेले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली 'दक्षिण महाराष्ट्र' प्रदेशाच्या भूशास्त्रावर लिहिलं, तेव्हापासून ते अभ्यासकांना माहीत आहेत. यातले खालचे थर शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत आणि ते समुद्रात साचलेले आहेत. त्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू होता का, हे दगडावरून कसं ओळखतात ते बघायला आम्ही चौघं गेलो होतो.

आधी नविलुतीर्थला जा. मलप्रभेवरचं धरण बघायला सगळेच जातात, तुम्ही पाणी ओसरलेल्या काठावरच्या गाळात काठी खुपसा. वर बोटभर जाडीची तपकिरी साय निघते, तिच्याखाली कुळकुळीत काळा गाळ, आणि सडक्या अंड्याचा भपकारा येतो. तिथे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याने प्राणवायू संपवलाय. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात, हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि लोहाशी जुळून गाळ काळा करतो. तोच गोळा उन्हात ठेवला तर थोड्या वेळात वरून तपकिरी पडतो. पुढे दिवसभर जे शोधायचं त्याची ओळख इथेच होते, म्हणून हा थांबा चुकवू नका. बूट मात्र जुने घाला.

सौंदत्तीच्या डोंगरावरचा कठीण, फिकट क्वार्ट्झाइट, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड, कलादगीच्याच खडकांतला. त्यावर कुठेकुठे लाटांच्या वळ्या जशाच्या तशा दिसतात. दिसायला सुंदर, पण आपल्या कामाचा नाही. जिथे लाट पोचते तिथे हवा पाण्यात मिसळतेच. डोंगरावर आणि किल्ल्यात हातोडी काढू नका, बघा आणि पुढे चला. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. यल्लम्माच्या गर्दीत गाडी अडकली की दिवस गेलाच.

खरी गंमत मुनवळ्ळीकडे. इथला चिखलाचा दगड 'मनोळी आर्जिलाइट' या नावाने ओळखला जातो. रस्त्याकडेचे उघडे तुकडे लाल-पिवळे पडलेले असतात, त्यांच्या रंगावर विश्वास ठेवू नये. पावसाने आणि हवेने त्यातलं लोह केव्हाच गंजलंय. ताजा दगड हवा तर नव्या विहिरीच्या खणकामाचा ढिगारा गाठायचा. आम्हाला एका शेताच्या बांधावर तसा ढीग दिसला. मालकाने लांबूनच विचारलं, "सर्व्हे काय? रोड बरतदा?" रस्त्यासाठी जमीन जाण्याची धास्ती इकडे सगळ्यांनाच आहे. "नाही अण्णा, नुसता दगड बघतोय," म्हटल्यावर त्यांनीच आतले करडे तुकडे काढून दिले. यल्लम्माला येणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या भक्तांमुळे इथे मराठी पुष्कळांना समजतं. तरी 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'नोडबहुदा?' म्हणजे 'बघू का?' एवढं कानडी जिभेवर ठेवाच.

तो करडा तुकडा भिंगाखाली धरला. कागदासारखे पातळ थर, एकही मोडलेला नाही. मध्येच तांबूस, चौकोनी, तांदळाच्या कणीएवढे खड्डे, म्हणजे पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) खडे गंजून गेलेल्या जागा. मित्र लगेच म्हणाला, "झालं की! प्राणवायू नव्हता." इथेच थांबायला हवं.

जर्मनीतल्या होल्ट्समाडेनच्या १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे पातळ थरांच्या चिखलदगडात, असे अखंड थर म्हणजे भक्कम पुरावा असतो. तेव्हा तळ उकरणारे किडे, शिंपले जगात होते आणि तिथे ते नव्हते, म्हणून तर मत्स्यसरड्यांचे (इक्थियोसॉर या समुद्री सरीसृपांचे) सांगाडे तिथे जसेच्या तसे राहिले. कलादगीच्या समुद्रात तळ उकरणारा प्राणीच जन्माला यायचा होता. थर कोण मोडणार? म्हणजे पुढच्या काळात कामी येणारी जीवाश्मांची साक्ष इथे मुकी आहे. मोठे चौकोनी पायराइटही फारसे बोलत नाहीत, कारण ते चिखल साचून झाल्यावर आत वाढलेले असू शकतात. सल्फाइडने विषारी झालेल्या पाण्यातच तयार होऊन खाली पडलेले दाणे रासबेरीसारख्या गुच्छात, बहुधा मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे असतात. भिंगाचं ते काम नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

उरतं रसायन. मॉलिब्डेनम हा धातू प्राणवायू असलेल्या पाण्यात विरघळलेला राहतो आणि सल्फाइड भेटलं की गाळात बसतो. साध्या खडकात तो दहा लाखांत एक-दोन भाग असतो, तर पुढच्या काळातल्या काळ्या शेलमध्ये शंभराच्या वरही जातो. पण प्रोटेरोझोइक काळात, म्हणजे कलादगीचे हे थर साचले त्या काळात, मुळात समुद्रातच तो कमी होता, त्यामुळे माफक आकडा आला तरी 'प्राणवायू होता' असं म्हणता येत नाही. सोबत गंधकाशी जुळू शकणाऱ्या लोहाचं एकूण लोहाशी प्रमाण बघतात. ते ०.३८च्या वर गेलं तर तळ प्राणवायूविना होता असं धरतात. १९९८ साली डोनाल्ड कॅनफिल्ड यांनी त्या काळचा खोल समुद्र सल्फाइडने भरलेला असावा असं मांडलं. पुढे बऱ्याच ठिकाणी सल्फाइडऐवजी विरघळलेलं लोहच जास्त सापडलं. मला हे भांडण आवडतं, कारण त्याचा निकाल अशाच करड्या, बिनचेहऱ्याच्या दगडांतून लागतो.

पुढे लोकापूर, जिल्हा बागलकोट. इथे चुनखडक आणि त्याचा मॅग्नेशियमवाला भाऊ डोलोमाइट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट खरवडून भुकटी केल्यावरच. याच पट्ट्यात स्ट्रोमॅटोलाइट आढळतात, सूक्ष्मजीवांच्या चादरी थरावर थर चढून झालेले घुमट. असले थर रचणाऱ्या सायनोबॅक्टेरियानीच, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंनीच, प्राणवायू सोडला. म्हणजे उथळ पाण्यात तो तयार होत होता, खोलात पोचत होता का हाच प्रश्न. दगडावर काळी नेचाच्या पानासारखी नक्षी दिसली तर जीवाश्म समजून नाचू नका. ती मँगनीजची बुरशीसारखी पसरलेली रेघ असते, भेगेतून पाणी झिरपून झालेली.

गोकाकचा धबधबा वाटेत घ्यावा, ऑगस्ट-सप्टेंबरात तर नक्कीच. पण दगडासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. नंतरच्या उन्हात उघड्या माळावर उभं राहवत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून नकाशा आधीच उतरवून घ्या. दहापट भिंग, आम्लाची छोटी ड्रॉपर बाटली प्लास्टिकच्या डब्यात, आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर असू द्यात. खाणीत परवानगीशिवाय शिरू नका. जेवण यरगट्टीत उरका, जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगाई (भरली वांगी) मिळते, पुढे खात्री नाही. विद्यापीठात कुणाकडून तपासणी करून घेणार असाल तर मूठभर तरी ताजा दगड न्या, गंजलेली साल आधीच झाडून टाका, आणि प्रत्येक पुडीवर विहिरीची अंदाजे खोली लिहा. आमच्याकडचा नमुना घेताना प्राध्यापकांनी पहिला प्रश्न तोच विचारला.