सकाळची घेतलीस ना?

शनिवार, रात्री उशिरा

कपाटाची किल्ली जागेवर नव्हती. एवढंच. या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, मग भिंतीला खिळा कशाला ठोकलाय? सुहासने मोबाइलमधून मान वर केली आणि अगदी हळू, समजूत काढल्यासारखं विचारलं, "सकाळची घेतलीस ना गं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. निदान भांडण तरी झालं असतं.

मी काय केलं, तर आत जाऊन अपस्माराच्या गोळ्यांची डबी उघडून बघितली. सात दिवसांची ती, झाकणावरची अक्षरं पुसट झालेली. शनिवार-सकाळचा कप्पा रिकामा, तळाशी अर्ध्या गोळीची जराशी पांढरी भुकटी. म्हणजे घेतली होती. पण स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा शोधायला मी गेले, हे जास्त लागलं. त्याच्या प्रश्नापेक्षाही.

वर हिशेबसुद्धा मांडला. गोळी आठला. साधारण तासाभरात ती रक्तात शिखरावर. सहा ते आठ तासांनी निम्मी. किल्ली साडेअकराला. म्हणजे तेव्हा भरपूर शिल्लक होती. असा हिशेब चालत नाही हे मला कळतं, रोज दोन वेळा घेणाऱ्याच्या अंगात ती कायमच असते, जरा वर, जरा खाली. तरी मांडला. राग माझा की हिचा, एवढंच ठरवायचं होतं.

खरं तर त्याचा प्रश्नच उलटा होता. चिडचिड ही माझ्या या गोळीची, लेव्हेटिरासिटामची, ख्याती. चुकली म्हणून नाही, घेतली म्हणून होते. विचारायचंच तर "घेतलीस वाटतं" असं विचारायला हवं होतं. हे त्याला सांगावं असं फार वाटलं, पण त्या क्षणी सांगितलं असतं तर तेही लक्षणातच जमा झालं असतं.

आधीच्या औषधांचं बरं होतं, त्यांचं जे काय व्हायचं ते अंगावर दिसायचं. फेनिटॉइनने हिरड्या वाढल्या. मग एकदा डोस ३०० वरून ३५० केला, किरकोळ वाटला, आणि दोन आठवड्यांत मी भिंत धरून चालायला लागले. डॉक्टरांनी बोट डावी-उजवीकडे फिरवलं तर बुबुळं जागेवर ठरेनात. ते म्हणाले, यकृताची ते फोडायची ताकद ठरावीक असते. ती संपली की जास्तीचं सगळं रक्तात साचत जातं, रांगेला एकच खिडकी उघडी असल्यासारखं. पण त्या वेळी तोल गेला तर सगळे म्हणायचे, औषधाने गेला. मला कोणी विचारलं नाही की हा तोल तुझाच का.

व्हॅल्प्रोएट का सोडलं त्याबद्दल आज नको.

आणि ही. यकृताला हिचा फारसा त्रास नाही, दोन तृतीयांश तर जशीच्या तशी लघवीवाटे जाते. इतर औषधांशी सहसा भांडत नाही. (भांडते ती घरच्यांशी.) मेंदूतल्या पेशीच्या टोकाला रसायनाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्यावरच्या एसव्ही२ए नावाच्या प्रथिनाला ही जाऊन चिकटते. अमेरिकेत हिला परवानगी मिळाली १९९९ साली, आणि कुठे चिकटते हे कळलं २००४ मध्ये. पाच वर्षं लोक घेत होते, झटके थांबत होते, आणि नेमकं कुठं काय होतंय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग माझ्या घरी साडेअकरा वाजता ते ठरणार कसं?

संध्याकाळी हाउप्टमान नावाचा डॉक्टर आठवला. १९१२ साली जर्मनीत त्याने वॉर्डातल्या रुग्णांना फेनोबार्बिटल दिलं ते झोपेचं औषध म्हणून, रात्री शांत राहावेत यासाठी. झटके कमी झाले ते त्यातून लक्षात आलं. म्हणजे सुरुवातच आजूबाजूच्यांना शांतता मिळावी म्हणून झालेली! हे वाचून पूर्वी हसले होते. आज हसू आलं नाही. मी गप्प असले की बरी, आवाज चढला की गोळी. मग माझं असं काय उरलं?

असं बराच वेळ गोल गोल चाललं होतं. आईचा फोन आला, तोही घेतला नाही.

मग गोळीच्या माहितीपत्रकातले आकडे आठवले. चाचण्यांमध्ये ही गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी १३ टक्क्यांना वागण्यातले त्रास झाले, म्हणजे राग, चिडचिड, अस्वस्थता वगैरे. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी? ६ टक्क्यांना. त्यांची आधीची औषधं चालू होती हे मान्य, पण लेव्हेटिरासिटामचा कणही पोटात गेला नव्हता. तरी ती माणसं चिडली. कोणाची तरी किल्ली जागेवर नसणार.

मला ती सहाजणं एकदम जवळची वाटली. त्यांचं चिडणंसुद्धा वहीत नीट नोंदलं गेलं असणार, दुष्परिणाम म्हणून. आणि १३ मधलेही जवळजवळ निम्मे तसेच, ही गोळी नसती तरी चिडलेच असते. फक्त कोणते निम्मे, ते कोणाला सांगता येत नाही. मलाही नाही. म्हणजे माझ्या रागातला निम्मा माझा धरायला काही हरकत नाही. गोळीसुद्धा दीडच घेते मी, मधल्या रेघेवर तोडून. अर्ध्याचे हिशेब मला जमतात.

डॉक्टर मागे म्हणाले होते, हिचीच एक धाकटी बहीण आहे, ब्रिव्हॅरासिटाम. त्याच प्रथिनाला चिकटते, काहींना तिच्यावर चिडचिड कमी होते, बघायचं का? मी नको म्हटलं. झटका न येता दोन वर्षं आणि आठ महिने झालेत. तो आकडा मी मोठ्याने बोलत नाही.

नऊला सुहासने पाण्याचा पेला आणून ठेवला, काही न बोलता. त्यालाही लागलं असावं. मी रात्रीची घेतली, दीड, कडू. तो बघत होता. म्हटलं, "घेतली. आता उद्या जे काय बोलेन ते हिच्यासकट ऐकून घे."

किल्ली अजून सापडलेली नाही.