नांगरावरचं घर : गुना यालाच्या बेटांमधला रोजचा दिवस

पनामाच्या ईशान्य किनाऱ्यालगत गुना यालाची बेटं आहेत. जुनं नाव सान ब्लास. बेटं साडेतीनशेहून अधिक, त्यांतली बहुतेक निर्मनुष्य, आणि भोवती प्रवाळाच्या भिंती. अक्षांश साडेनऊच्या आसपास, म्हणजे कॅरिबियन चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. म्हणून शिडाच्या बोटीवर राहणारी माणसं इथे महिनोन्‌महिने मुक्काम करतात. फोटोत दिसणारी पांढरी वाळू, माड आणि निळं पाणी सगळं खरं आहे. पण ते बघत शांत झोपायचं तर नांगर नीट रुतलेला हवा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

बाराएक मीटर लांबीच्या बोटीला साधारण 20 ते 25 किलोचा नांगर आणि 10 मिलिमीटर जाडीची साखळी लागते. साखळी किती सोडायची हे खोलीवर ठरतं, पण नवखी माणसं नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची धरायला विसरतात. पाणी 8 मीटर, नाळ पाण्यापासून दीड मीटर वर, म्हणजे हिशोब साडेनऊचा. त्याच्या पाचपट म्हणजे 48 मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट, 66 ते 67 मीटर. कोकणात यात भरतीचे तीन-चार मीटर धरावे लागले असते. इथे पाणी जेमतेम अर्धा मीटर चढतं-उतरतं.

जागा निवडायची ती पाण्याच्या रंगावरून. फिकट निळी वाळू, तपकिरी प्रवाळ, गडद निळं खोल पाणी. हे रंग सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच दिसतात, म्हणून बेटांच्या आत शिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून आत येणं म्हणजे चकाकत्या पाण्यात आंधळ्यासारखं चालणं. त्या वेळी बाहेर खोल पाण्यात थांबणं परवडतं.

नाळ वाऱ्यावर धरून नांगर तळाला टेकवायचा, बोट मागे सरकेल तशी साखळी सोडायची. ढीग एकाच जागी पडला तर साखळी नांगरालाच अडकते. पूर्ण सोडल्यावर इंजिन हळूहळू मागे चालवून ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरचे दोन माड एका रेषेत धरून बघायचे. रेषा मोडत राहिली तर नांगर घसरतोय. मग पाण्याखाली बघायचा चष्मा लावून उतरायचं आणि नांगराचं पातं वाळूत गाडलं गेलंय का ते डोळ्यांनी बघायचं. समुद्री गवतावर पातं वरवर सरकतं, आणि प्रवाळावर टाकलेला नांगर धरल्यासारखा वाटतो, पण वारा फिरला की साखळी खडकाला वेढे घालते आणि शेकडो वर्षांचं प्रवाळ चुरडते. वाळूचा तुकडा मिळाला नाही तर दुसरीकडे जावं, यात तडजोड नाही. शेवटी साखळीला आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर बांधतात. लाटांचे दणके तो ताणला जाऊन सोसतो, नाहीतर ते थेट नाळेवरच्या, साखळी ओढणाऱ्या यंत्राला बसतात.

गोडं पाणी हा दुसरा रोजचा हिशोब. 400 लिटरची टाकी दोघांना, दिवसाला 20 ते 25 लिटर धरून, अडीच आठवडे पुरते. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंघोळीचा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही. भांड्यांचा द्रव साबण किंवा शाम्पू देतो. कपडे मात्र गोड्या पाण्यात खळबळलेच पाहिजेत. राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि कपडा कधीच पुरता वाळत नाही.

बहुतेक बोटींवर खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असतं. साध्या यंत्रात पाणी 55 बारच्या आसपास दाबाने मीठ अडवणाऱ्या पडद्यातून ढकललं जातं. हा पडदा क्लोरीनने कायमचा निकामी होतो, म्हणून तो धुवायला नळाचं पाणी चालत नाही. ते आधी कोळशाच्या गाळणीतून काढावं लागतं. यंत्र आठवडाभर बंद राहणार असेल तर पडदा गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर आत जंतू वाढतात. नदीच्या मुखापाशी पावसानंतर यंत्र लावू नये, गाळणी तासाभरात चिखलाने भरते. पावसाळ्यात ताडपत्री बांधून नळी टाकीत सोडणं सर्वांत सोपं. पहिली दहा मिनिटं पाणी वाहू द्यायचं, म्हणजे मीठ आणि धूळ निघून जाते.

स्वयंपाकात आपल्या घरच्या सवयी इथे फार उपयोगी पडतात. कुकरचं झाकण घट्ट बसतं, बोट डोलली तरी सांडत नाही आणि गॅस वाचतो. मूग-मटकीला इथल्या उष्णतेत दीड दिवसात मोड येतात. दिवसातून दोनदा धुवायचे, नाहीतर आंबतात. भाजीची खेप उशिरा आली तरी ताटात हिरवं राहतं. पुठ्ठ्याचं खोकं मात्र बोटीवर आणायचं नाही, झुरळांची अंडी त्यातूनच येतात. आणि गॅस हवेपेक्षा जड असतो: गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून शेगडी बंद करताना आधी सिलिंडरचा खटका बंद करायचा, नळीतला गॅस जळू द्यायचा, मग बटण.

विजेचं थोडक्यात: फ्रिज दिवसाला 12 व्होल्टचे 50 अँपिअर-तास तरी खातो, आणि 400 वॉटचे सौर पॅनेल निरभ्र दिवशी शंभरेक देतात. ढगाळ आठवड्यात फ्रिज की लॅपटॉप हे ठरवावं लागतं.

ही भूमी गुना लोकांची आहे, आणि पाहुण्याने ते विसरू नये. ते उलू नावाच्या, झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून मासे आणि मोला विकायला येतात. मोला म्हणजे कापडाचे थर कापून शिवलेली चित्रं, गोधडीची सुई ज्यांच्या हातात असते त्यांनी जवळून बघावीत अशी. निर्जन बेटावरच्याही प्रत्येक माडाला मालक असतो. पडलेला नारळ उचलायचा नाही. हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हवेच्या टाक्या लावून बुडी मारायला इथे बंदी आहे. बेटावर कचऱ्याची सोय नाही, म्हणून प्लॅस्टिक धुऊन, चेपून शहरापर्यंत सोबत न्यायचं.

मे ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ. एरवी उत्तरेकडून येणारा वारा तेव्हा काही मिनिटांत फिरून दक्षिणेकडून 40 नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे 75 किलोमीटरच्या, वर सुटू शकतो. त्याला इथे चोकोसाना म्हणतात. दिवसभर आडोसा देणारं बेट किंवा प्रवाळ तेव्हा बोटीच्या पाठीशी येतं आणि घसरायला जागाच उरत नाही. म्हणून त्या महिन्यांत नांगर टाकतानाच चारही बाजूंना साखळी अधिक बोट यांच्या लांबीएवढी मोकळी जागा बघतात. आभाळ दाटलेलं असेल तर अंधार पडण्यापूर्वी डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, वर उचलून बांधायची, छत गुंडाळायचं, फोन आणि हातातला जीपीएस ओव्हनमध्ये ठेवायचा, कारण वीज जवळ पडली तर धातूच्या पेटीत ते वाचण्याची शक्यता जास्त, आणि इंजिनाची किल्ली लावूनच झोपायचं.