तळघरात पाझरणारे पाणी येते कोठून?

कोथरूडमध्ये टेकडीच्या उतारावर असलेल्या आमच्या घराच्या तळघरात वडिलांची पुस्तके आणि त्यांचे सुतारकामाचे टेबल आहे, त्यामुळे तिथल्या भिंतींना ओल येऊ लागल्यावर घरातील सर्वांनाच काळजी वाटू लागली. जो येईल तो एखादे वॉटरप्रूफिंगचे रसायन सुचवत असे. पाणी नेमके कोठून येते, हे मात्र कोणी विचारत नसे. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत भिंतीला काहीही लावू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यासाठी आपल्या पायाखालची जमीन समजून घ्यावी लागते. पुण्यात बहुतेक ठिकाणी वरची माती आणि तिच्याखालचा मुरूम पावसाचे पाणी मुरू देतात, पण त्याखालचा घट्ट कातळ ते अडवतो, आणि मग ते पाणी उताराच्या दिशेने आडवे सरकत जाते. तळघरासाठी हा कातळ फोडून खड्डा काढला जातो, भिंती उभ्या राहिल्या की भिंत आणि खडक यांच्यामधली जागा राडारोड्याने भरली जाते, आणि पावसाळ्यात ती जागा हौदासारखी भरते. बाहेर साचलेल्या पाण्याची उंची २ मीटर असेल, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे २ टन दाब येतो. आतून लावलेला रंग किंवा पुट्टी या दाबापुढे टिकत नाही. आधी फुगे येतात, पांढरा खार फुटतो आणि मग पोपडे गळू लागतात.

ओल केव्हा येते, यावरून पुष्कळ उलगडा होतो. सर आल्यानंतर काही तासांत भिंत भिजत असेल, तर अंगणाचा ढाळ किंवा गच्चीवरून उतरणारा पाइप तपासावा. भर उन्हाळ्यातही ती वाळत नसेल, तर नळाची किंवा ड्रेनेजची वाहिनी अथवा जमिनीखालची पाण्याची टाकी यांच्यावर संशय घ्यावा. टाकीची खात्री करायची असेल, तर रात्री तिचे सर्व व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती पुन्हा पाहावी. आमच्याकडे जूनमध्ये भिंती कोरड्या असत, ऑगस्टमध्ये ओल दिसू लागे आणि पाऊस थांबल्यावरही दिवाळीपर्यंत रेंगाळत असे, म्हणजे हे पाणी भूजलाचे होते. हवेतील दमटपणाची शंका दूर करण्यासाठी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला; थेंब त्याच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला जमले होते, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती.

उपायांची सुरुवात आम्ही बाहेरून केली. अंगणाच्या फरशीचा ढाळ भिंतीपासून दूर वळवला आणि गच्चीचे पाणी घराच्या उताराकडील बाजूला, तळघरापासून लांब नेऊन सोडले. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे या शहरासाठी अत्यंत आवश्यक आहे, परंतु शोषखड्डा तळघराच्या भिंतीलगत घेतलेला मी अनेक बंगल्यांमध्ये पाहिला आहे, आणि त्या जागेबद्दल वेळीच कोणी बोलत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आत सर्वाधिक पाणी भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातून येत होते. पॉलियुरेथेनचे ग्राउट, म्हणजे फटी भरण्याचे द्रवरूप रसायन, पाण्याशी संयोग होऊन फुगते, म्हणून ते इंजेक्शनने भरण्याचे काम सांधा ओला असतानाच करून घेतले. तरीही बाहेरचे सगळे पाणी अडवता येईल, असे मी मानत नाही. त्यामुळे भिंतीच्या कडेने उथळ चर काढून त्याचा उतार कोपऱ्यातील खड्ड्याकडे दिला आणि त्या खड्ड्यात फ्लोट स्विच असलेला, म्हणजे पाणी चढले की आपोआप सुरू होणारा, सबमर्सिबल पंप बसवला. जोराच्या पावसातच वीज जाते, हे लक्षात घेऊन तो इन्व्हर्टरवर जोडला आहे, आणि तळघराच्या विद्युतजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लावून सर्व सॉकेट कमरेच्या वर घेतले आहेत.

ज्यांच्या तळघरात छताचे किंवा भिंतीचे काँक्रीट फुगून आतल्या सळ्या दिसू लागल्या असतील, त्यांनी मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. तेथे गंजलेली सळई दुरुस्त केल्याशिवाय वर प्लास्टर करणे धोक्याचे आहे. प्लास्टरही सिमेंटचेच असावे, कारण जिप्सम ओल धरून ठेवते. लाकडी पॅनेलने भिंत झाकणे तर पूर्णपणे टाळावे, त्यामागची ओल वर्षानुवर्षे दिसत नाही. आम्ही पुस्तकांची कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर उभी केली आहेत, म्हणजे मागची भिंत विजेरी लावून पाहता येते.