रासबेरी एलची नोंद : फळ केव्हा घालावे

रासबेरी घातलेल्या एल प्रकारच्या बीअरच्या वीस लिटरच्या या खेपेसाठी पेल माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या फिकट जवात) एक तृतीयांश गव्हाचा माल्ट मिसळला आणि मॅशचे, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचे, तापमान तासभर ६७ अंश सेल्सिअसवर राखले. हलक्या एलसाठी हे तापमान काहींना जास्त वाटेल. पण रासबेरीतली साखर यीस्ट पुरती फस्त करते आणि मागे उरतो तो आंबटपणा, म्हणून तो पेलण्यापुरता भरीवपणा माल्टमधूनच यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. हॉप्स (एका वेलीची कडवट फुले) फक्त कडवटपणापुरते, उकळीच्या सुरुवातीलाच घातले.

वर्टची, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड रसाची, घनता (पाण्याची १ धरून) १.०४४ भरली. १९ अंशांवर मुख्य किण्वन आटोपून ती १.०१० वर स्थिरावल्यावरच दोन किलो फळ घातले, कारण किण्वन जोमात असताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड फळाचा नाजूक सुगंधही सोबत घेऊन जातो. फळ आधी गोठवून मग वितळू दिले होते. गोठताना पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. उकळणे कटाक्षाने टाळले, कारण उकळीने फळातला पेक्टिन हा घट्टपणा आणणारा घटक सुटून बीअर गढूळ राहते आणि चव जॅमकडे झुकते.

फर्मेंटरच्या काचेतून पाहताना रंग बीअरमध्ये उतरत गेला आणि वर तरंगणारी फळे आधी फिकट गुलाबी, मग जवळजवळ पांढरट झाली. सुटलेल्या बिया तळाच्या गाळावर जाऊन बसल्या. हे दृश्य फार लोभस असते, पण फळाचा रंग गेला म्हणजे साखरही संपली, असे मुळीच नाही.

रासबेरीत साधारण साडेचार टक्के साखर धरली, तर दोन किलोंतून सुमारे ९० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेचार ग्रॅम साखर येते. फळातले पाणीही मिसळत असल्याने मद्यांश साडेचार टक्क्यांच्या आसपासच राहतो. बाटलीत वायू तयार होण्यासाठी मात्र मी लिटरमागे साडेसहा ग्रॅमच साखर घालतो. त्यात फळाची न आंबलेली साखर मिसळली, तर दाब इतका वाढतो की बाटली फुटू शकते. म्हणून हायड्रोमीटरवरचा, म्हणजे घनतामापकावरचा, आकडा सलग तीन दिवस तसाच राहिल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत.

आज तो १.००९ आहे. नमुन्यात आंबटपणा आधी जाणवतो आणि गव्हाचा मऊपणा त्याला मागून सावरून धरतो. उद्या-परवाही हाच आकडा आला, तर सायफनच्या तोंडाला निर्जंतुक जाळी बांधून बीअर फळावरून काढून घेईन.