फिरकी धरणारा माणूस

उत्तराणीला, म्हणजे आमच्या बडोद्याच्या संक्रांतीला, दाजी मुंबईहून आले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवर सकाळपासून ‘काप्यो छे’चा गोंगाट, पतंग माझ्याकडे आणि फिरकी दाजींकडे. मी फिरकी सहसा कुणाच्या हाती देत नाही. फिरकीवाल्याचं लक्ष उडालं की पेच गेलाच समजा. पण दाजी असे, की तोंडातून शब्द निघायच्या आत ढील मिळत होती आणि मांजा सैल पडायच्या आत लपेट होत होती.

“नेव्हीत तीस वर्षं हेच केलं,” ते म्हणाले. “रास.”

“काका, बडोद्यात रास म्हटलं की लोक दांडिया शोधतात,” लेक म्हणाली.

त्यांची रास वेगळी, ‘रिप्लेनिशमेंट अॅट सी’चं लघुरूप. भर समुद्रात दोन जहाजं शेजारी शेजारी, साधारण ५० मीटर अंतर ठेवून, १२-१३ नॉटच्या वेगाने चालत राहतात आणि मधल्या दोरावरून माल जातो. पीठ-साखर ठीक आहे हो, पण तोफगोळे?

पूर्वी हे कुणी चालत्या जहाजावर करत नसे. दारूगोळ्याचं जहाज शांत बंदरात नांगर टाकून बसायचं आणि लढाऊ जहाजं त्याच्याकडे यायची. १० नोव्हेंबर १९४४ला पॅसिफिकमधल्या मॅनस बेटाच्या सीअॅडलर बंदरात ‘माउंट हूड’ हे अमेरिकी जहाज असंच उभं होतं. पोटात सुमारे ३,८०० टन दारूगोळा. ते उडालं तेव्हा जहाजावरचं कुणीही वाचलं नाही. खलाशांपैकी जे कामानिमित्त किनाऱ्यावर गेले होते तेवढेच उरले. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ उडालं होतं, कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकाच जहाजात. आई तेव्हा सात वर्षांची, गिरगावात. काचा खणाणल्या आणि आजीने तिला पलंगाखाली ढकललं, ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलीय.

बंदरात जाऊन भरून यायचं म्हणजे लढाई सोडून यायचं. म्हणून फेब्रुवारी १९४५मध्ये इवो जिमाच्या लढाईत ‘शास्ता’ या अमेरिकी दारूगोळ्याच्या जहाजाने चालता चालता गोळे द्यायला सुरुवात केली. पद्धत साधी, पण अंगावर काटा आणणारी: एकाच हुकाला दोन जहाजांवरच्या दोन विंचांचे, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रांचे, दोर. इकडचा सोडतो, तिकडचा ओढतो, मध्ये गोळ्यांची जाळी लोंबकळतेय. लाटेवर जहाजं लांब गेली की दोर ताणून तुटायची भीती, जवळ आली की माल पाण्यात. दोघांपैकी एक विंचवाला जरा जरी गाफील राहिला तर संपलं.

यावर जो उपाय निघाला तो ऐकून मी पतंगच सोडला. (खरं सांगायचं तर तो तेव्हाच कापला गेला.) माझं मकरपुऱ्यात हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. सील किट बदलणं, होनिंग, रॉडला क्रोम करून आणणं, यातच हयात गेली. आणि त्यांचा उपाय काय, तर सिलिंडर! लांबलचक सिलिंडर, दोन्ही टोकांना पुल्या, वायर रोप त्यांच्यावरून अनेक फेरे घेऊन पुढे दुसऱ्या जहाजाकडे जातो. आत तेल, तेलामागे दाबलेली हवा. तेल दबत नाही, हवा दबते, सगळी गंमत तिथेच. जहाजं लांब गेली की सिलिंडर दबून दोर देतो, जवळ आली की हवा त्याला पसरवते आणि झोळ गिळला जातो. फेरे अनेक, म्हणून रॉड फूटभर हलला तरी दोर कितीतरी फूट सुटतो. विंचवाल्याची छाती धडधडायचं कारण नाही. आम्ही सिलिंडर ढकलायला वापरतो; इथे तो फिरकी धरून बसलाय.

पुढे क्षेपणास्त्रं आली, गोळ्यांपेक्षा लांब आणि नाजूक. १९६४च्या ‘सॅक्रामेंटो’ या अमेरिकी रसदनौकेवर इंधन आणि दारूगोळा दोन्ही एकत्र होतं, शिवाय क्षेपणास्त्रं सरकवायची फारच किचकट स्वयंचलित यंत्रणा. टिकली मात्र ताणलेल्या दोराचीच सुटसुटीत पद्धत. त्याच जहाजात कधीच पुरी न झालेल्या ‘केंटकी’ युद्धनौकेची टर्बाइन्स बसवली होती. भंगारातून चांगला माल उचलायची अक्कल फक्त आपल्याकडेच असते असं नाही. मग हेलिकॉप्टरंही आली. आपल्याकडे २०२३मध्ये पाच मोठ्या रसदनौकांचं कंत्राट विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला मिळालं, प्रत्येकी ४४,००० टनांच्या. दाजी तो आकडा घरच्या लग्नाच्या खर्चासारखा सांगतात.

वासी उत्तराण (उत्तराणीचा दुसरा दिवस) उलटल्यावर त्यांना वर्कशॉप दाखवायला नेलं. दुरुस्तीला आलेले सिलिंडर सोडून ते वर पत्र्याकडेच बघत राहिले. तिथे एक भोक आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्या पोऱ्याने अॅक्युम्युलेटरमधला (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजन न सोडताच प्लग उघडला, तो पत्रा फोडून गेला. नशीब, पोऱ्याचं डोकं बाजूला होतं.

“अजून बुजवलं नाहीस?”

“मुद्दाम ठेवलंय.”

दाजींनी मान हलवली, आणि भिंतीवरच्या गेजला बोटाने टिचकी मारून विचारलं, “हा चालतो ना?”