भट्टीशिवाय सुगडं

संक्रांतीला सुगडं पुजायची, हे आमच्या घरात कधी चुकलेलं नाही. जर्मनीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी स्टीलच्या वाट्यांना हळदकुंकवाची बोटं ओढून काम भागवलं, पण मन काही भरलं नाही. इथे गाजर मिळतं, तीळ मिळतात, गहू मिळतात. सुगड कुठून आणणार? यंदा डिसेंबरात हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात हवेत वाळणाऱ्या मातीची एक-एक किलोची पाकिटं दिसली. भट्टी नको, चाक नको. दोन पाकिटं उचलली आणि घरी आले.

पहिल्या दिवशी सगळ्यात सोपं वाटलं ते केलं. पोळीसारखी माती लाटली, तीन पालथ्या वाट्यांवर बसवली, कडा कापली आणि वाट्यांसकट हीटरजवळ ठेवून दिली. इथे हिवाळ्यात हीटर सतत चालू असतो, हवा इतकी कोरडी की धुतलेले कपडे घरातच रातोरात वाळतात. माती तशीच वाळेल, असं मी धरून चालले. सकाळी बघते तर तिन्हींना कडेपासून तळापर्यंत उभ्या भेगा.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, कुंभार तरी कच्चं मडकं लगेच उन्हात ठेवतो का? आधी सावलीत वाळवतो. घाई केलीस की तडकणारच." लहानपणी तिच्या माहेरी संक्रांतीच्या आधी कुंभारीण सुगडं घेऊन दारात यायची आणि सुपातून धान्य घेऊन जायची. त्या कुंभारणीच्या अंगणात रांगेने वाळत ठेवलेली मडकी आईने पाहिली होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माती वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी जातं, कण जवळ येतात आणि ती आवळते. माझी आठ सेंटिमीटरची गोल चकती वाळल्यावर साडेसात सेंटिमीटर भरली, मी फूटपट्टीने मोजलं. आत स्टीलची वाटी असेल तर मातीला आवळायला जागाच नाही, मग ती फाटते. त्यात हीटरच्या बाजूचा भाग आधी वाळला आणि दुसरी बाजू ओलीच राहिली, म्हणजे एकाच भांड्यात दोन ओढी.

फुटलेले तुकडे टाकले नाहीत. पाण्यात भिजत घातले, दुसऱ्या दिवशी त्यांचा दाट घोळ झाला होता. ही माती नुसती वाळते, भाजली जात नाही, हे तेव्हा नीट कळलं. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, त्यानंतर ती परत चिखल होत नाही. आपली होते. त्यामुळे पाणी किंवा दही ठेवायला ही भांडी नाहीत, आणि पाकिटातल्या मातीत बहुतेक वेळा कागदासारखे तंतू असतात म्हणून आत दिवा लावायलाही मी वापरणार नाही. सुगडात मात्र वाण कोरडंच असतं, म्हणून हे जमून गेलं.

दुसऱ्यांदा वाटीच्या आतून माती बसवली. आधी वाटीला पातळ प्लास्टिक लावलं, म्हणजे माती आवळली की आपोआप वाटीपासून सुटते. जाडी सगळीकडे साधारण सहा मिलिमीटर, बुडाला जास्त नाही. हे मी टाचणी टोचून तपासत होते. अशा दोन वाट्या झाल्या की तास-दोन तास थांबायचं. माती दाबली तर ठसा उमटावा, पण हातात घेतली तर आकार सोडू नये, इतपतच घट्ट. मग दोन्हींच्या काठांवर काट्याने ओरखडे काढायचे, तो घोळ लावायचा आणि एकावर एक ठेवून हलकेच फिरवत दाबायचं. वरच्या बाजूला सुरीने दोन बोटं जातील एवढं तोंड कापलं, तिथून बोट घालून आतला सांधा गुळगुळीत केला आणि तोंडाभोवती मातीची बारीक वळी चिकटवून काठ उचलला. पोटाचा तो गोल आणि वर वळलेला ओठ दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुगडच होतं ते.

गुळगुळीत करताना बोट जेमतेम ओलं हवं. पाणी जास्त झालं की वाळल्यावर वर केसासारख्या भेगा येतात.

वाळवायला न तापवलेली खोली निवडली. दोन दिवस वरून सैल प्लास्टिक, रोज एकदा उलटं-सुलटं, मग उघडं. पाच दिवस लागले. आत ओल आहे का ते कळायला भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर अजून पाणी उडतंय. सात केली, त्यातल्या दोघांचे सांधे उकलले. त्यात घोळ भरून पुन्हा वाळवलं, तरी एकच टिकलं. मग पॉलिश पेपरने घासलं, नाकाला मास्क लावून, कारण ती धूळ फार बारीक असते. नुसत्या पाण्यातला गेरू एकाला लावून पाहिला, तर वरचा थर लगेच चिकट झाला. म्हणून बाकीच्यांना विटकरी ॲक्रिलिक रंग दिला आणि आतून वार्निशचे दोन हात.

संक्रांतीच्या सकाळी पाटावर पाच मांडली. गाजराचे तुकडे धुऊन फडक्याने कोरडे करून घातले, बरोबर गहू, हरभरे, शेंगदाणे, तिळगूळ. ऊस आणि बोरं नव्हती. हळदकुंकवाची बोटं ओढताना बोटं ओली होती, तरी रंगाने धरून ठेवलं. सहावं पलीकडच्या गल्लीतल्या नागपूरच्या मैत्रिणीला वाण म्हणून दिलं.

रथसप्तमीला दूध उतू घालायला मात्र भाजलेलंच बोळकं लागतं. पुढच्या महिन्यात भाऊ येतोय, त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत एक घालून पाठव, असं आईला सांगितलंय. यंदाची रथसप्तमी हुकेल, पण पुढच्या वर्षी ते माझ्याकडे असेल.